झालेली किती, असलेली किती

ती गेली हे मला कळलं तेव्हा पंप बंद होता.

पंपघरात माझ्याशिवाय कुणी स्विचला हात लावत नाही. आत आवाज इतका असतो की माणूस कानाशी येऊन ओरडला तरी फक्त ओठ हललेले दिसतात. त्या दुपारी बाहेरचा वॉचमन आत आला, माझ्याकडं न बघता थेट बोर्डापाशी गेला आणि त्यानं स्विच पाडला. मी त्याला शिवी द्यायला वळलो. तो म्हणाला, "बाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. मग उठल्याच नाहीत."

मी विचारलं, "कुठल्या पायऱ्या?"

हा काय प्रश्न झाला, असं आता वाटतं. पण मी तोच विचारला. तो म्हणाला, "वरच्या वस्तीच्या."

म्हणजे तिची खालची वस्ती विचारून झाली होती आणि वरची सुरू व्हायची होती. रडू यायच्या आधी हे माझ्या डोक्यात आलं. लोकांनी मला दगड म्हणावं, माझी हरकत नाही. तीसेक वर्षं ज्या घरात दर वर्षी त्याच दिवसांत आज कुठली गल्ली झाली आणि उद्या कुठली, एवढंच बोलणं चालतं, त्या घरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत तिचा हुद्दा बरा होता, पण खुर्चीत तिला करमायचं नाही. दोन्ही वस्त्या ती घर न घर फिरायची. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं. सरकारची मोजणी दहा वर्षांनी एकदा होते. ती म्हणायची, "दोन मोजण्यांच्या मधे जो येऊन गेलासुद्धा, त्याला कोण विचारणार?" म्हणून हिची फेरी दर वर्षी.

घरातली वर्दळ जरा कमी झाली तेव्हा संस्थेचे संचालक भेटायला आले. त्यांच्याबरोबर माझा मेहुणा होता, तिचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून अध्यक्ष म्हणतात. शाळेच्या सहलीचा तो अध्यक्ष होता, गल्लीतल्या खेळाच्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि आता नगरपालिकेच्या आरोग्य समितीचा खराखुरा अध्यक्ष आहे. बहीण गेली तेव्हा तो माझ्याहून जास्त रडला. ते रडणं खोटं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी त्याच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

संचालक सभ्य माणूस. त्यांनी चहाचा कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. म्हणाले, "यंदाची फेरी आम्ही इथंच थांबवतोय. बाईंच्या सन्मानार्थ."

मी म्हणालो, "फेरी थांबवण्यात तिचा सन्मान कसला?"

"तसं नाही. खालच्या वस्तीची माहिती आली आहे. वरच्या वस्तीचे आकडे मागच्या काही वर्षांच्या कलावरून काढता येतात. मान्य पद्धत आहे."

"म्हणजे अंदाजानं."

"शास्त्रशुद्ध अंदाज, दाजी," मेहुणा म्हणाला.

"तू कधीपासून शास्त्रात?"

"घ्या. बोललो की चिडता." तो संचालकांकडं बघून हसला, जणू मी घरातला म्हातारा झालोच आहे. "साहेब स्वतः आलेत. लोक नुसता फोन करतात."

मी संचालकांना विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बघू. बाईंसारखं माणूस मिळणं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"ती सांगायची, एक वर्ष चुकलं की संपलं. दोन वर्षांनी जाऊन बाईला विचारा, मधे होऊन गेलेलं पोर ती सांगत नाही. खोटं बोलत नाही ती. तिनं ते मिटवलेलं असतं."

"खरं आहे ते," संचालक म्हणाले. "पण एकूण आकड्यात तो फरक थोडा असतो."

"थोडा म्हणजे किती पोरं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

माझा धाकटा तेव्हा खिडकीत बसला होता. तो जहाजाच्या इंजिनरूममध्ये असतो, वर्षातला बराच काळ पाण्यावर. आईच्या बातमीनंतर तीन विमानं बदलून आला होता आणि आल्यापासून कुणाशी फारसं बोलला नव्हता. तो एकदम म्हणाला, "मामा, तुमच्या समितीची बैठक कधी आहे?"

"कसली बैठक?"

"प्रसूतिगृह बंद करायची."

"अजून ठरलंय कुठं? चर्चा आहे."

"पण आहे कधी?"

"पुढच्या आठवड्यात," मेहुणा म्हणाला, आणि मग आवाज चढवून, "अरे, त्या इमारतीत वर्षभरात बाळंतपणं किती होतात माहीत आहे का तुला? हाताची बोटं पुरतात. गावात मुलंच जन्मत नाहीत, तर रिकाम्या खाटा कशाला ठेवायच्या?"

हाच वाद त्याचा आणि हिचा वर्षभर चालला होता, माझ्याच स्वयंपाकघरात. गावात मुलं जन्मत नाहीत हे कागदावर खरं आहे. जन्माची नोंद जिथं बाळंतपण होतं तिथं होते. आमच्या प्रसूतिगृहात रात्रीचा डॉक्टर नाही, म्हणून बायका पुलापलीकडच्या शहरात जातात. बाळ तिकडच्या नोंदीत पडतं आणि राहतं इकडं. ही घरोघर जाऊन विचारायची, म्हणून हिच्याकडं ती मुलं सापडायची. वरच्या वस्तीत तर गोदामांच्या कामासाठी नवी, तरणी कुटुंबं आली आहेत. जुन्या वर्षांचा कल काढला तर तिथं फक्त म्हातारे दिसतात.

मी म्हणालो, "फेरी पूर्ण होणार. बैठकीच्या आधी जेवढी होईल तेवढी."

"कोण करणार?" मेहुण्यानं विचारलं.

"मी."

तो हसला नाही. संचालकही हसले नाहीत. त्याचा मला जास्त राग आला.

पुढचं मला थोरलीनं नंतर सांगितलं. माणसं निघताना ती मामाबरोबर स्वयंपाकघरात होती. थोरली विमा कंपनीत आहे. कुठल्या वयाची किती माणसं किती वर्षं जगतील याचं गणित करते. तिची आई म्हणायची, हिच्या ऑफिसात माणसं मरायच्या आधीच मेलेली धरतात.

मामा म्हणाला, "तू समजाव त्यांना. तुझं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय?"

"मग निदान घेऊन जा तुझ्याकडं. एकटा माणूस या घरात काय करणार? आजूबाजूचं दर दुसरं घर बंद."

थोरलीला ते पटत होतं. आल्यापासून तिच्या मनात तेच होतं. माझी औषधं तिनं एका डब्यात भरून ठेवली होती, माझे दोन स्वेटर धुऊन तिच्या बॅगेत ठेवले होते. मला न विचारता. तिला अंदाजाची पद्धतही चुकीची वाटत नव्हती. तिच्या ऑफिसात रोज तेच करतात. ती मामाला म्हणाली, "बाबांना काम हवंय. फेरी हे निमित्त आहे. थोडे दिवस गेले की उतरेल डोक्यातून."

"शहाणी आहेस," मामा म्हणाला. "अक्का असती तर तिलाही हे पटलं असतं."

हे तिला खटकलं, ती म्हणते. आईला मामाचं आजवर काहीही पटलं नव्हतं. 

त्या संध्याकाळी आम्ही तिघंच जेवायला बसलो. धाकट्यानं ताट बाजूला सारलं आणि आईच्या कपाटातून फेरीच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणून टेबलावर आपटला. त्यावर एक ओळखपत्र ठेवलं. कॉलेजच्या सुट्टीत तो आईबरोबर फेरीला जायचा, तेव्हाचं. फोटोत नुकतं मिसरूड फुटलेलं.

थोरली म्हणाली, "हे दाखवलंस तर लोक विचारतील, हा मुलगा हरवलाय का म्हणून."

"तुझं कुठंय?"

"फेकलं असेल."

"तुझंही त्याच खणात आहे. आईनं ठेवलंय." तो माझ्याकडं वळला. "बाबा, तुम्हाला विचारता येणार नाही. तुम्ही माणसांशी पंपासारखं बोलता. मी विचारीन. तुम्ही पिशवी धरा."

"तू परवा-तेरवा जाणार."

"जहाज थांबलंय दुरुस्तीला. नसतं थांबलं तरी बघितलं असतं."

थोरली चिडली. "तू सात वर्षांत दोनदा आलायस घरी. आता मुलगा म्हणून मिरवू नकोस."

"मी काय करू? आईनंच काढलं मला घरातून. सहा महिने बाहेर राहिलं की घरात धरायचं नाही. सरळ 'गेला' लिहिलं तिनं. मी फोनवर म्हणालो, अगं, निदान एक खूण तरी ठेव. म्हणाली, परत येऊन सहा महिने राहा, लगेच धरते."

आम्ही तिघंही हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा. 

"चल, तुझ्यावर सराव करतो," धाकटा थोरलीला म्हणाला. "तू या घरातली बाई. उत्तरं दे."

"मला कामं आहेत."

"दे गं," मी म्हणालो.

त्यानं आईसारखा चष्मा नाकावर ओढल्याचं नाटक केलं आणि विचारायला लागला. घरात किती माणसं जेवतात, गेल्या वर्षात कुणी आलं का, कुणी गेलं का. थोरली कंटाळून उत्तरं देत होती, डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवत, ओट्यावरचं पाणी पुसत.

"या घरातल्या बाईला आजवर झालेली मुलं किती?"

"दोन."

"त्यांतली आज असलेली किती?"

"दोन. काय रे, दिसत नाहीयेत का?"

मी म्हणालो, "झालेली तीन."

थोरलीचा हात ओट्यावर थांबला.

मधला पुलापलीकडं झाला होता. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. जन्माची नोंद तिकडच्या ऑफिसात झाली. आम्ही त्याला घरी आणलं आणि आठवड्याच्या आत तो गेला. मी इथल्या ऑफिसात गेलो तर कारकून म्हणाला, जन्म आमच्याकडं नाही, मग मृत्यू कसा लिहू? तिकडं गेलो तर ते म्हणाले, माणूस तुमच्याकडं गेलाय, तिकडंच लिहा. कुणीच लिहिलं नाही. पलीकडच्या शहराच्या दप्तरात तो अजून हयात आहे. बाप्या माणूस झाला असेल. त्या वर्षी मोठी मोजणी नव्हती, आणि पुढच्या मोजणीला घरात दाखवायला कुणी नव्हतं. त्यानंतर दोन वर्षांनी हिनं संस्थेतली टेबलाची जागा सोडून फिरतीची मागून घेतली. आम्ही हे कधी लपवलं नव्हतं. फक्त बोलत नव्हतो.

थोरली खुर्चीवर बसली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला तो आठवतोसुद्धा. निळं दुपटं होतं. मला माहीत असून मी दोन म्हणाले."

"सगळेच म्हणतात," धाकटा म्हणाला. "आई म्हणूनच आधी झालेली विचारायची, मग असलेली. उलट विचारलं की माणूस असलेलीच सांगून मोकळा होतो."

"तू आधी झालेलीच विचारलंस. तरी मी खाल्ला एक." ती स्वतःवरच संतापली होती. "मी. तिची मुलगी. हेच काम करून पगार घेते, आणि मीच एक खाल्ला."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. पण आमच्यात तशी सवय नाही. मी तिला पाणी दिलं.

तिनं ते प्यायलं आणि म्हणाली, "माझं ओळखपत्र कुठल्या खणात आहे म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संचालकांना फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "वरच्या वस्तीची माहिती आम्ही आणतोय. दोघांकडंही तुमच्या संस्थेचं प्रशिक्षण आहे."

"त्याला फार वर्षं झाली, ताई. आणि घरच्या माणसांनी केलेलं काम आम्ही कसं ग्राह्य धरणार?"

"नका धरू. पण लेखी द्या. घरोघर विचारून आणलेली माहिती नाकारली आणि न जाता काढलेला अंदाज स्वीकारला, असं लिहा. खाली सही करा."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी विमा कंपनीत आहे साहेब. तिथं भावना चालत नाहीत. तुमचा कल जुन्या वर्षांचा आहे. तो लावलात तर वरच्या वस्तीत यंदा कुणी नवं आलंच नाही, असं निघेल. गेल्या वर्षाचंच वर्ष परत छापल्यासारखं. त्याला अंदाज म्हणत नाहीत."

 मग संचालक म्हणाले, "अगदी आईसारखं बोलता."

"नाही. आई गोड बोलायची," थोरली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पाचच मिनिटांत मामाचा फोन आला. तिनं तो उचलला नाही. मग माझा वाजला. मीही उचलला नाही. मग धाकट्याचा वाजला, आणि तो म्हणाला, "हॅलो, हा माणूस घरातून गेलेला आहे, सहा महिन्यांनी फोन करा."

आम्ही वर चढलो. त्या पायऱ्या मी पहिल्यांदा चढत होतो. ज्या पायरीवर ती बसली होती ती कुठली, हे मी कुणाला विचारलं नाही, आणि वॉचमन बरोबर आला होता तरी त्यानं दाखवली नाही. मी पिशवी खांद्यावर घेतली होती. वर जुन्या कारखान्याच्या कामगारांच्या चाळी आहेत. बरीच वर्षं रिकाम्या होत्या, आता दोऱ्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. खालच्या वस्तीत असं दिसत नाही.

पहिल्या काही घरांत लोकांनी आधी तिच्याबद्दल विचारलं, मग चहाचं विचारलं, मग उत्तरं दिली. एका म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, "ती यायची तेव्हा निदान माझ्या गुडघ्याचं विचारायची. तुम्ही आल्या आल्या कोण मेलं विचारता." धाकट्यानं बंद दारातून गुडघ्याचं विचारलं. दार उघडलं.

दुपारी आम्ही एका खोलीत होतो. तिथली सून भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर अंगानं भरलेलं बाळ. सासू दारात धान्य निवडत होती.

"आजवर झालेली मुलं किती?" धाकट्यानं विचारलं.

"एक. हीच."

"असलेली?"

"हीच म्हटलं ना. किती वेळा विचारणार?"

"बाळंतपण कुठं झालं?"

सून आणि सासूनं एकमेकींकडं बघितलं. सून म्हणाली, "पुलावर."

"पुलापलीकडं?"

"पुलावर. टेम्पोत. आधी इथल्या हॉस्पिटलला गेलो, रात्रीचं कुलूप होतं. म्हणून तिकडं निघालो. पोहोचायच्या आधीच झाली."

"मग नोंद?"

"कुठली नोंद?" सासू दारातून म्हणाली. "तिकडचे म्हणाले, पूल अर्धा तुमचा आहे. इकडचे म्हणाले, अर्धा त्यांचा. इकडच्या नोंदणीच्या साहेबानं माझ्या मुलाला विचारलं, टेम्पो नेमका कुठं होता, खांबाच्या अलीकडं की पलीकडं? माझा मुलगा म्हणाला, साहेब, मी गाडी चालवत होतो, खांब मोजत नव्हतो."

धाकट्यानं हसू दाबलं. थोरलीनं मात्र त्याच्या हातातून फॉर्म घेतला. "पूल राहू दे," ती सुनेला म्हणाली. "तुम्ही राहता कुठं?"

"इथंच की."

"ही झोपते कुठं?"

"माझ्या कुशीत. कुठं झोपणार?"

"मग ही इथली," थोरली म्हणाली आणि तिनं लिहिलं.

तेवढ्यात मेहुणा आला. गाडीच्या रस्त्यानं वळसा घालून आला होता, तरी दम लागला होता. त्याचं मन त्यानं मला नंतर गाडीत सांगितलं, म्हणून लिहितो. तो आम्हाला तमाशा करू नका असं सांगायला निघाला होता. वाटेत त्या पायऱ्या दिसल्या आणि त्यानं गाडी थांबवली. थोडा वेळ आत बसूनच रडला. मग चष्मा पुसून वर आला. दारात उभा राहून त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण सासूनं त्याला आधी ओळखलं.

"तुम्हीच ना अध्यक्ष? भिंतीवर फोटो असतो तुमचा. कुलपाच्या वरच."

"काकू, रात्रीला स्टाफ नाही आमच्याकडं," मेहुणा म्हणाला. "उघडं ठेवून काय उपयोग? आत बाईचं काही बरंवाईट झालं तर?"

सून म्हणाली, "स्टाफ मलाही नव्हता."

  मेहुणा माझ्याकडं वळला. "दाजी, बाहेर या जरा."

बाहेर मुलं खेळत होती. त्यांच्या मधोमध आम्ही दोन म्हातारे. तो म्हणाला, "तुम्हाला वाटतं मी गिधाड आहे. मला डॉक्टर मिळत नाही हो. तीन वेळा जाहिरात दिली. इथं कुणी यायला तयार नाही. डॉक्टर नसलेलं हॉस्पिटल उघडं ठेवणं म्हणजे लोकांना फसवणं. बंद केलं तर निदान बायका वेळेवर तरी तिकडं निघतील."

हे मला त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. कदाचित तिला सांगितलं असेल. त्याच्या बोलण्यात अर्थ नव्हता असं नाही.

मी म्हणालो, "मग हे बैठकीत सांग. डॉक्टर मिळत नाही म्हणून बंद करतोय, असं म्हण. मुलं जन्मत नाहीत म्हणून, असं म्हणू नकोस. मुलं जन्मताहेत. आत एक बसलीय."

"जन्मत नाहीत म्हटल्यावर वरून मंजुरी मिळते. डॉक्टर मिळत नाही म्हटलं तर मलाच जाब विचारतील."

"विचारू देत."

"सोपं आहे हो तुम्हाला. गमावण्यासारखं काय राहिलंय तुमच्याकडं?"

बोलला आणि लगेच त्याला कळलं काय बोललो ते. त्यानं माझा हात धरला. मी सोडवला नाही. आम्ही तसेच उभे राहिलो. एका पोरानं चेंडू आमच्या पायांवर मारला आणि "काका, बाजूला व्हा" म्हणून ओरडलं.

"काही राहिलं नाही हे खरं आहे," मी म्हणालो. "म्हणून तर मला थांबवता येणार नाही तुला."

"मत मी बंदच्या बाजूनंच देणार," तो म्हणाला.

"दे. मी आकडा घेऊन दारात बसेन. मत देताना माझ्यासमोरून जावं लागेल."

"बसा. अक्काही बसलीच असती." तो गाडीकडं निघाला, मग परत आला. "उन्हात फिरू नका. गाडी ठेवून जातो. मी चालत उतरतो."

"नको."

"घ्या हो. चढ आहे. तिला पण मी म्हणायचो, गाडी घे." त्यानं किल्ली माझ्या खिशात कोंबली. मग गाडीत बसून पाणी प्याला, मघाशी लिहिलं ते सगळं मला सांगितलं, आणि तिच्या त्याच पायऱ्यांनी खाली गेला. मधे कुठंतरी थांबला. मग दिसेनासा झाला.

मी आत आलो. थोरली आणि धाकटा भांडत होते. ती म्हणत होती, घरातली माणसं विचारताना पाहुणे वेगळे लिही. तो म्हणत होता, आईनं मला वेगळं शिकवलंय. सासू त्यांना म्हणाली, "सख्खे दिसता." मी पिशवी उचलली.

थोरलीनं माझे स्वेटर बॅगेतून काढून परत कपाटात ठेवले आहेत. तिनं रजा वाढवून मागितली आहे. मिळालेली नाही, ती गेलेलीही नाही. धाकट्याच्या जहाजाचा निरोप आला आहे, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. संस्थेकडून लेखी काही आलं नाही. समितीची बैठक अजून व्हायची आहे. कारखान्याच्या मागची चाळींची रांग आणि तिच्या पलीकडची पत्र्याची घरं विचारायची राहिली आहेत.